मोजणीबाहेरची गर्दी

रात्री जागून बघितलेल्या मॅचमधले गोल माझ्या फारसे लक्षात राहत नाहीत. त्या मॅचमधला एक आकडा मात्र राहिला. ९१,५५३. मार्च २०२२, बार्सिलोनाचं कॅम्प नोऊ मैदान, समोर रेआल माद्रिद, दोन्हीकडे बायका. बार्सिलोनाने पाच गोल केले, पण समालोचकाचा आवाज खरा चढला तो प्रेक्षकांची संख्या सांगताना. महिला फुटबॉलमधला जागतिक विक्रम, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. शेजारी माझी भाची बसली होती, गुडघ्यावरची खपली नखाने उचकटत. ती स्वतः खेळते, त्यामुळे अशी एखादी खपली तिच्याकडे कायम असते. पडद्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "आत्या, म्हणजे याच्याआधी बायकांची मॅच कुणी बघायचंच नाही का?"

बघायचे की गं, असं मी म्हणाले खरी, पण पुढचं वाक्य मला सापडेना. कोण बघायचं, कुठे, किती जण? नव्वद हजार माणसं समोर ओरडत असताना जुन्या गर्दीविषयी बोलणं म्हणजे लग्नाच्या मांडवात पत्रिकेतली चूक दाखवण्यासारखं झालं असतं. मीही त्या ओरडण्यात सामील होते. गळा दाटून आला होता, हेही सांगून टाकते. तरी प्रश्न काही जाईना. विक्रम म्हटलं की आपण तो आकडा शिखरावरचा धरतो, त्याच्याखाली सगळा उतार. आणि उतारावर पार मागे गेलं की शून्य असणार, हे आपण न विचारता मान्य करून टाकतो.

त्या शून्यावर माझा विश्वास बसत नव्हता, म्हणून मी वाचत गेले. पहिला धक्का त्याच मैदानाने दिला. २५ डिसेंबर १९७०, नाताळचा दिवस, कॅम्प नोऊ. इमाकुलादा काबेसेरान नावाची मुलगी क्लबच्या अध्यक्षांकडे गेली होती, मुलींचा संघ करू द्या म्हणून. संघ झाला, गोलकीपर राहिलेले रामाल्येत्स प्रशिक्षक म्हणून मिळाले, आणि त्या दिवशी हजारो लोकांसमोर मुली खेळल्या. फक्त क्लबचं नाव त्यांना मिळालं नाही. 'बार्सिलोना शहर निवड संघ' असं काहीतरी कागदी नाव घेऊन त्या उतरल्या. स्पेनच्या फुटबॉल महासंघाच्या लेखी बायकांचं फुटबॉल अस्तित्वातच नव्हतं. क्लबने महिला विभाग अधिकृतपणे आपला म्हटला तो २००२ साली. मधली तीस-एकतीस वर्षं त्या मुली कोण होत्या? खेळत तर होत्या.

दुसरा धक्का त्याहून मोठा. ५ सप्टेंबर १९७१, मेक्सिको सिटीचं अझ्तेका स्टेडियम. मेक्सिको विरुद्ध डेन्मार्क, महिलांच्या विश्वचषकाची अंतिम मॅच, आणि प्रेक्षक सुमारे १,१०,०००. त्या काळचं चित्रीकरण थोडंफार बघायला मिळतं. रंग उडालेले, गोलपोस्टवर गुलाबी-पांढरे पट्टे, आणि सगळ्यावर पसरलेला एक सलग, न तुटणारा घोंगाट. कॅमेरा प्रेक्षकांवर फिरतो तेव्हा मी थांबवून थांबवून चेहरे बघितले. टोप्या घातलेले बाप्ये आहेत, मांडीवर पोरं घेतलेल्या बाया आहेत, उन्हाने डोळे बारीक केलेली म्हातारी माणसं आहेत. कुणी उपकार करायला आल्यासारखं दिसत नाही. मॅच बघायला आलेली माणसं जशी दिसतात तशीच ती दिसतात, जराशी चिडलेली, पुढे वाकलेली.

भाचीला मी हे सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न खेळाडूचा होता: स्कोअर काय? तीन-शून्य, डेन्मार्क जिंकलं. कुणी मारले? तिन्ही एकीनेच, सुझान ऑगस्टेसन. वय? पंधरा. "पंधरा?" म्हणून ती माझ्याकडे बघतच राहिली, कारण तिला स्वतःला पंधरावं लागायचं होतं. एक लाख दहा हजार हा आकडा तिने कानामागे टाकला. पंधरा मात्र तिला पुरलं.

मग त्या रात्रीचा विक्रम कसला? तर मोजणीचा. १९७१ ची स्पर्धा फिफाने मान्य केलेली नव्हती, म्हणून त्या मैदानातली माणसं अधिकृत खात्यात नाहीत. मेक्सिकोच्या महासंघाने क्लबांना दम दिला होता की या बायकांना मैदान द्याल तर याद राखा. म्हणून आयोजकांनी सगळे सामने महासंघाचा हात पोचत नव्हता अशा दोनच मोठ्या मैदानांत भरवले, अझ्तेका आणि ग्वादालाहाराचं हालिस्को. बंदी घालणाऱ्यांनी छोटी मैदानं बंद केली आणि बायका मोठ्यांत जाऊन खेळल्या, यातला विनोद मला फार आवडतो. पण त्या स्पर्धेचं सगळंच काही मला आवडत नाही. ते गुलाबी पट्टे कुणा खेळाडूने मागितलेले नव्हते. दारूच्या कंपनीचा पैसा होता, जाहिरातीत खेळापेक्षा दिसण्याची चर्चा होती, आणि तिकिटांचा गल्ला कुठे जातोय हे दिसत असताना खेळणाऱ्यांच्या हाती काही पडत नव्हतं. मेक्सिकोच्या मुलींनी अंतिम सामन्याआधी पैसे मागितले, तर हावऱ्या ठरल्या. दिसणं आणि मान मिळणं या दोन गोष्टी एकत्र येतातच असं नाही, हे १९७१ मध्येही तेवढंच खरं होतं.

इंग्लंडहून आलेला संघ तर शाळकरी मुलींचा होता म्हटलं तरी चालेल. लिया कॅलेब तेरा वर्षांची होती. आपल्या देशात बागेत, मोजक्या नातेवाईकांसमोर खेळणाऱ्या या मुली विमानातून उतरल्या तर समोर कॅमेऱ्यांचे दिवे, हॉटेलबाहेर सही मागणारी पोरं. अझ्तेकाच्या बोगद्यातून बाहेर आल्या आणि यजमानांकडून चार गोल खाल्ले. काहींची हाडं मोडली. परत गेल्यावर स्वागत झालं ते बंदीचं, कारण इंग्लंडच्या नावाने खेळायची परवानगी त्यांना कुणी दिली नव्हती. संघ उभा करणाऱ्या हॅरी बॅटना तर फुटबॉलचे दरवाजे कायमचे बंद झाले. त्या मुलींपैकी बऱ्याच जणींनी मग कित्येक वर्षं याविषयी तोंड उघडलं नाही. मला इथे अडायला होतं. एवढ्या मोठ्या मैदानात खेळून आलेली मुलगी दुसऱ्या आठवड्यात शाळेत किंवा कामावर जाते आणि गप्प बसते, ते कसं जमत असेल? सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून? की हसतील म्हणून? २०२२ मध्ये इंग्लंडने आपल्या सगळ्या महिला आंतरराष्ट्रीय खेळाडूंना वारसा म्हणून क्रमांक दिले. ते सुरू होतात नोव्हेंबर १९७२ च्या स्कॉटलंडविरुद्धच्या पहिल्या अधिकृत सामन्यापासून. एक वर्ष आधी मेक्सिकोत खेळलेल्या मुलींना त्यात क्रमांक नाही.

आणखी मागे गेलं की प्रेस्टन येतं.

इंग्लंडच्या लँकेशरमधल्या या गावात डिक, कर नावाचा कारखाना होता, पहिल्या महायुद्धात तिथे दारूगोळा तयार व्हायचा आणि तो तयार करायला बायका होत्या. जेवणाच्या सुट्टीत अंगणात चेंडू खेळता खेळता संघ झाला. १९१७ च्या नाताळात डीपडेल मैदानावर त्यांची पहिली मोठी मॅच झाली तेव्हा दहा हजार लोक आले, आणि जमलेले पैसे जखमी सैनिकांच्या इस्पितळाला गेले. तीन वर्षांनी, १९२० च्या नाताळच्या सुट्टीत, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सच्या मुलींविरुद्ध त्या उतरल्या तेव्हा आत ५३,००० होते आणि हजारो लोक जागा नाही म्हणून बाहेरून परत गेले. तीन हजार पौंडांहून अधिक जमा झाले. पण माझं मन रमतं ते त्याच महिन्यातल्या एका लहान मॅचमध्ये. संध्याकाळी उजेड नसताना खेळायचं म्हणून युद्धखात्याकडून विमानांचा माग काढणारे दोन सर्चलाइट मागवले होते. परवानगी दिली होती चर्चिलने. काळ्या-तपकिरी कातडी चेंडूला त्या झोतात शोधणार कसं, म्हणून चेंडू पांढरे केले होते. डिसेंबरचा चिखल. दहा मिनिटांत चेंडू पुन्हा काळा होत असणार, मग दुसरा पांढरा चेंडू आत टाकायचा. बारा हजार माणसं थंडीत उभी, तोंडातून वाफा, आणि जो झोत कालपर्यंत शत्रूचं विमान शोधत होता तो आता उजव्या बगलेवरून पळणाऱ्या एका मुलीला गाठायचा प्रयत्न करतोय. हे मी बघितलेलं नाही, पण मला ते दिसतं, आणि दिसलं की बरं वाटतं.

एका वर्षात हे संपलं. ५ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना अगदी अयोग्य आहे, त्याला उत्तेजन देऊ नये. धर्मादायाच्या पैशातला फार मोठा वाटा खर्चात जातो, असाही ठपका ठेवला. त्या वर्षी या मुली टाळेबंदीत उपाशी असलेल्या खाणकामगारांच्या कुटुंबांसाठी खेळत होत्या, हे काही जणांना जास्त खुपलं असावं, असं मला वाटतं. ठरावाची बनावट मात्र नीट बघावी अशी आहे. 'बायकांनी खेळू नये' असा हुकूम त्यात नव्हता. असोसिएशनच्या क्लबांनी आपली मैदानं बायकांना द्यायची नाहीत, एवढंच होतं. खेळा की, पण इथे नको. म्हणजे मग बागा, रग्बीची मैदानं, कुठल्या तरी गावाबाहेरचा माळ.

आता बागेत काय नसतं? कुंपण नसतं. कुंपण नाही म्हणजे गेट नाही, गेट नाही म्हणजे तिकीट नाही, तिकीट नाही म्हणजे संध्याकाळी गल्ला मोजायला बसणारा माणूस नाही. आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापायला आकडा नाही.

मैदान गेलं, त्याच्याबरोबर मोजणीही गेली.

हे लक्षात आलं आणि मी जरा वेगळ्या नजरेने सगळं बघायला लागले. खेळाचा इतिहास आपण खेळाडूंचा समजतो, पण तो पुष्कळसा गेटवर बसलेल्या कारकुनाने लिहिलेला असतो. तो उठून गेला की मैदानावरचं खरं काय ते उरतं फक्त तोंडी. लिली पारचंच घ्या. सेंट हेलेन्सची, सहा फुटांच्या आसपास उंची, डाव्या पायाचा फटका असा की त्याच्या दंतकथा झाल्या, वूडबाइन सिगारेटी ओढणारी. चौदा-पंधराची असताना डिक, करमध्ये आली आणि १९५१ पर्यंत खेळत राहिली, पोटासाठी मनोरुग्णांच्या इस्पितळात परिचारिकेचं काम करत. तिने नऊशेच्या वर गोल केले असं सांगतात. सांगतात! पुरुष खेळाडूच्या बाबतीत हा शब्द आपण चालवून घेतला नसता. कुणी मोजले, कुणाच्या वहीत, कुठल्या माळावर? मला ते गोल खरे वाटतात आणि तरीही आकडा वाचताना मनात शंका डोकावते, आणि ती शंका माझ्या मनात पेरणं हेच त्या ठरावाचं सगळ्यात टिकाऊ काम आहे. बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. प्रेस्टनचा संघ १९६५ मध्येच मोडला होता. लिली १९७८ मध्ये वारली, मँचेस्टरच्या फुटबॉल संग्रहालयात तिचा पुतळा उभा राहिला तो २०१९ मध्ये.

इंग्लंड एकटं नव्हतं. ब्राझीलमध्ये १९४१ च्या सरकारी हुकुमाने बायकांच्या 'प्रकृतीला न मानवणारे' खेळ बंद केले ते १९७९ पर्यंत. पश्चिम जर्मनीच्या महासंघाने १९५५ मध्ये तेच केलं आणि १९७० मध्ये मागे घेतलं. त्याच जर्मनीच्या बायका १९८९ मध्ये युरोपच्या विजेत्या झाल्या तेव्हा महासंघाने प्रत्येकीला बक्षीस दिलं, कॉफीचा सेट. फुलाफुलांचा. मी यावर काही बोलत नाही.

भारताची गोष्ट याहून मुकी आहे. १९७५ मध्ये महिलांचा वेगळा फुटबॉल महासंघ निघाला, लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. आज आशिया चषक म्हणतात ती आशियाई स्पर्धा कालिकतला झाली (नोंदीत ती १९७९ ची आहे, खेळली गेली १९८० उजाडल्यावर), तिच्यात भारताच्या मुली उपविजेत्या ठरल्या. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेत्या, अंतिम फेरीत थायलंडकडून हरून. शांती मल्लिक त्या काळातली कर्णधार, अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू. त्याच वर्षी आपण क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि घरोघरी रेडिओ दणाणले, ते सगळ्यांना पाठ आहे. २०२५ च्या जुलैमध्ये भारताने थायलंडला थायलंडमध्ये जाऊन २–१ असं हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि आशिया चषकाची पात्रता मिळवली. मी एकटीच घरात ओरडले. पात्रता फेरीतून भारत पहिल्यांदाच पोचला, अशा बातम्या आल्या आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण दोन-तीन दिवसांत त्यातली 'पात्रता फेरीतून' ही अट गळून पडली आणि नुसतं 'पहिल्यांदाच' फिरत राहिलं. बेचाळीस वर्षांपूर्वी याच देशाकडून अंतिम सामना हरलेल्या बायका आज साठीच्या पुढे असतील. त्यांनी ती बातमी वाचली असेल, तर काय वाटलं असेल? बहुधा आनंदच. तोच आनंद मलाही झाला होता, म्हणून जास्त बोचतं.

शाळेत मी फुटबॉल खेळले नाही. मुली खेळत नसत, आणि खेळू नका असंही कुणी म्हणालं नव्हतं. मुलांच्या सामन्यांना माझ्याकडे वही असायची. अक्षर चांगलं म्हणून गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला, हे मी लिहायचे. पावसाळ्यात वहीची पानं ओली होऊन फुगायची, निळी शाई पसरायची, कडेच्या रेषेवरचा चुना चपलांना लागायचा. एकदा चेंडू बाहेर आला तो थेट माझ्या पायाशी. वही काखेत मारून मी तो परत मारला. भिजलेलं कातडं इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. पायाच्या वरच्या हाडावर लागलं, संध्याकाळपर्यंत ठणकत होतं, आणि त्या ठणक्याचं मला काहीतरी वेगळंच सुख होत होतं. चेंडू बरा गेला होता, सरळ. वहीत अर्थातच त्याची नोंद करायची सोय नव्हती.

आता जुनं कशाला उकरायचं, सगळं मिळतंय ना मुलींना, असं एका परिचितांनी मला ऐकवलं. गृहस्थ चांगले आहेत, मुलीला प्रशिक्षणाला स्वतः नेतात. पण जुन्याचा हिशेब आजच्या किमतीत लागतो, तो असा. २०२३ च्या विश्वचषकाआधी युरोपातल्या मोठ्या देशांमधल्या वाहिन्यांनी प्रक्षेपणासाठी इतक्या कमी बोली लावल्या की फिफाच्या अध्यक्षांनी तिथे सामने दाखवणारच नाही अशी जाहीर धमकी दिली. पुरुषांच्या स्पर्धेच्या तुलनेत रक्कम वीसपट ते शंभरपट कमी होती. बोली लावणाऱ्याकडे मागचे आकडे असतात, तो ते बघून किंमत काढतो. बायकांच्या खेळाचे मागचे आकडे पन्नास वर्षांचे कुठेच नाहीत, कारण तेव्हा गेट बंद होतं. मग तो म्हणतो, बघणारे नाहीत. फिफाही काही फार साळसूद नाही म्हणा, १९७१ मध्ये तोंड फिरवून बसलेली संस्था तीच. शेवटी सौदा झाला, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या मैदानांत मिळून वीस लाखांच्या जवळपास लोक आले.

त्याच स्पर्धेत इंग्लंडची गोलकीपर होती मेरी अर्प्स. स्पर्धेआधीच ती पत्रकारांना सांगून मोकळी झाली होती की माझा शर्ट दुकानात मिळत नाही. इंग्लंडच्या बाकीच्या खेळाडूंचे शर्ट नायकेने विकायला काढले होते, गोलकीपरचा काढला नव्हता. एवढं गिऱ्हाईक कुठलं, असा हिशेब असणार. माझी भाची गोलातच उभी राहते, त्यामुळे ही बातमी मला तिच्याकडूनच कळली, चांगलीच तणतणत. लाखाच्या वर लोकांनी मागणीवर सह्या केल्या. अंतिम सामन्यात स्पेन १–० ने जिंकलं, पण अर्प्सने जेनी एर्मोसोची पेनल्टी अडवली आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम गोलकीपरचा पुरस्कार घेतला. नंतर कंपनीने थोडेसे शर्ट विकायला ठेवले. ते हातोहात संपले. भाचीला मिळाला नाही.